एकशे चाळीसच्या आत

मला ताण आहे की नाही, हे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत मला माहीत नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, तेव्हा ताण मुलांना असतो आणि शिक्षकाला घसा असतो, एवढीच वाटणी ठाऊक होती. निवृत्तीनंतर घसाही बरा झाला.

अजूनही मी मंगळवार, बुधवार आणि गुरुवारी दुपारी त्याच शाळेत जातो आणि प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत सात मुलांना अंकगणित शिकवतो. फुकट. (हा शब्द आमच्या घरी जरा वेगळ्या स्वरात उच्चारला जातो.) प्रगतिपुस्तकात ‘प्रयत्न हवेत’ असं लिहून ज्यांच्यापुढे सगळ्यांनी हात टेकले, ती ही सात मुलं. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. गणितात घसरली तर सातही जण पुढच्या वर्षी त्याच वर्गात, त्याच बाकांवर.

त्यांतल्या एका मुलीला सगळी शाळा ‘पण का’ म्हणते. काहीही सांगा, ती मान तिरकी करून विचारते, “पण का?” पाच शिक्षकांनी तिला वर्गाबाहेर उभं केलंय. मी तिला पहिल्या बाकावर बसवलं. मुलांना न कळणं हा माझ्या मते गुन्हा नाही. कळलं नसताना मान डोलावणं हा आहे. हे मत त्या आठवड्यात मला फार महागात पडलं.

झालं असं, की मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून एक परिपत्रक पुढे केलं. पासष्टीपुढच्या सर्व स्वयंसेवी शिक्षकांनी महिनाअखेरपर्यंत ‘तणावमुक्ती प्रमाणपत्र’ सादर करावे, अन्यथा वर्ग बंद करण्यात येईल. महिनाअखेरीला नऊ दिवस होते.

“एक कागद आहे फक्त, सर,” बाई म्हणाल्या.

ज्या कागदाला ‘फक्त’ हा शब्द लागतो, त्या कागदापासून माणसाने सावध राहावं. पण तेव्हा मी निर्धास्त होतो. आयुष्यात कुठल्याही परीक्षेला मी घाबरलो नव्हतो, कारण चाळीस वर्षं मी ती घेत होतो.

दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या मुलीहून लहान. तिने दंडाला पट्टा बांधला, पट्टा फुगला, आणि ती म्हणाली, “काका, एकशे वीस-ऐंशीच्या आसपास असला तर उत्तम.”

“एकशे वीस छेद ऐंशी म्हणजे संक्षिप्त रूपात तीन छेद दोन,” मी म्हणालो. “म्हणजे माणूस मुळात दीड असायला हवा.”

“बोलू नका. बोललं की वाढतो.”

गणितातला विनोद वाया गेला की मला लागतं. आकडा आला एकशे बावन्न.

“घाबरू नका,” ती म्हणाली. ही सूचना मिळेपर्यंत मी घाबरलेलो नव्हतो. “उद्यापासून सात दिवस घरी मोजा, दिवसातून तीनदा. एकवीस नोंदी वहीत लिहून आणा. वरच्या आकड्याची सरासरी एकशे चाळीसच्या आत आली, की मी सही करते. आणि हे ताण-मोजणी पत्रक. बारा प्रश्न आहेत. भरून आधी शिक्षण कार्यालयात तपासून घ्या.”

मी घरी यंत्र आणलं. सौभाग्यवतींनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाल्या, “आधी माझा बघू.” त्या वेळी त्या फोनवर बहिणीशी बोलत होत्या. विषय त्यांच्या मोठ्या वहिनींचा होता, आणि आवाज असा, की खालच्या मजल्यावरच्या लोकांनाही त्या वहिनींबद्दल मत बनवता यावं. आकडा आला एकशे अठरा. त्यांनी तो बहिणीलाही सांगितला.

मग मी बसलो. पाय जमिनीवर टेकवले, पाठ सरळ केली, डोळे आकड्यांवर रोखले. एकशे एकोणपन्नास.

“तुम्ही त्या यंत्राकडे कसे बघता माहितीये?” ही म्हणाली. “पाढा चुकणाऱ्या मुलाकडे बघावं तसे. तेही बिचारं घाबरतंय.”

भिंतींना कान असतात. आमच्या इमारतीत त्यांना तोंडही आहे. संध्याकाळपर्यंत माझा रक्तदाब तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त अभियंते राहतात. त्यांना न विचारता कोणी बादली भरत नाही, आणि विचारलं नाही तरी ते सांगायला येतात. ते आले आणि बूट न काढता म्हणाले, “मास्तर, गोळ्याबिळ्या काही नको. श्वास. चार मोजेपर्यंत घ्यायचा, सात मोजेपर्यंत धरायचा, आठ मोजेपर्यंत सोडायचा. मी वीस वर्षं करतोय.”

“किती वेळ?”

“पाच मिनिटं. डोकं रिकामं करायचं. काही म्हणजे काही विचार करायचा नाही.”

मी शनिवारी सकाळी डोळे मिटून बसलो. चार अधिक सात अधिक आठ म्हणजे एकोणीस सेकंद. पाच मिनिटांचे तीनशे. एकोणीस पंधरे दोनशे पंच्याऐंशी, उरले पंधरा सेकंद. म्हणजे सोळावा श्वास घेतला, धरला, आणि अर्धा सोडला की वेळ संपतो. उरलेल्या अर्ध्या श्वासाचं काय करायचं? अभियंत्यांनी वीस वर्षांत तो कुठे ठेवला? मी वर जाऊन विचारलं. ते म्हणाले, “मास्तर, इतका विचार करायचा नसतो.” परत येऊन मोजलं. एकशे छप्पन्न.

लेकीला हे कळल्यावर तिने लांबूनच माझ्या फोनमध्ये शांत होण्याची सोय करून दिली. ते उघडलं की एक बाई हळू आवाजात सांगे, आता तुम्ही समुद्रकिनारी आहात. मला पोहता येत नाही. तरी मी दोनदा किनाऱ्यावर गेलो. तिसऱ्यांदा जायचं राहिलं, तर फोन भर जेवणात वाजला आणि त्याच बाईने त्याच हळू आवाजात सुनावलं, की आज आपण अद्याप शांत झालेला नाहीत. नापासाचा शेरा इतक्या गोड शब्दांत मी कधी कुणाला दिला नव्हता. जमलं असतं तर द्यायला हवा होता, असंही वाटून गेलं.

रविवारी समोरच्या घरातले काका मला बागेत हास्यवर्गाला घेऊन गेले. सकाळी सहाची वेळ. तीसेक माणसं गोल करून उभी, मध्ये शिट्टी गळ्यात घातलेला प्रमुख. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन वाकून नमस्कार केला.

“ओळखलंत का सर? पाचवी, खिडकीजवळचा बाक. तुम्ही मला वर्गात हसलो म्हणून बाकावर उभं केलं होतं.”

मी आयुष्यात मोजून चार मुलांना बाकावर उभं केलंय. त्यांतल्या एकाने मोठं होऊन हास्यवर्ग काढावा, आणि मी त्यातच जाऊन उभं राहावं, हा हिशोब कुणी मांडला कोण जाणे.

“सर, हसा,” तो म्हणाला.

मी हसलो.

“असं नाही. तोंडातल्या तोंडात नको. पोटातून येऊ दे.”

मी पोटाशी बोलणी सुरू केली. तो जवळ आला, मान हलवली, आणि ज्या स्वरात मी त्याला कधीतरी सांगितलं असणार त्याच स्वरात म्हणाला, “सगळे थांबा. आता सर एकटे करून दाखवतील.”

तीस माणसं थांबली. बागेतली कुत्रीसुद्धा थांबली. मी एकटा हसलो. त्याचं वर्णन मी करणार नाही. तो मात्र समजूतदारपणे म्हणाला, “प्रयत्न हवेत.” घरी येऊन मोजलं, एकशे एकसष्ट. नोंद करताना वहीचा कागद फाटला.

सोमवारी शिक्षण कार्यालय. ताण-मोजणी पत्रक मी प्रामाणिकपणे भरलं होतं. ‘आपल्याला विनाकारण चीड येते का?’ याला शून्य दिलं, कारण मला कारणाशिवाय कधी आलेली नाही. बारा प्रश्न, प्रत्येकाला जास्तीत जास्त चार गुण. माझे झाले अकरा. बारापर्यंत तणावमुक्त. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण तळाशी छापलं होतं, ‘एकूण गुण: पन्नास’. बारा चोक अठ्ठेचाळीस. माझ्या खिशात लाल पेन असतं. हात आपोआप गेला. पन्नासाला गोल केला, शेजारी अठ्ठेचाळीस लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात ‘पुन्हा तपासावे’.

दुसऱ्या खिडकीतल्या कारकुनाने पत्रक उचलून उजेडात धरलं.

“हे लाल काय आहे?”

“बेरीज चुकली होती तुमची.”

“आमच्या संगणकात पन्नासच आहेत.”

“मग वरचे दोन कुठून आले?”

“ते तो सगळ्यांनाच धरतो.”

“म्हणजे ज्याला काडीचा ताण नाही, त्यालाही दोन?”

“काका,” तो शांतपणे म्हणाला, “या रांगेत उभं राहून इथवर आलेल्या माणसाला दोन काही जास्त नाहीत.”

अकरा आणि दोन तेरा. संगणकाच्या लेखी मी तणावग्रस्त झालो. शिवाय लाल शाई फक्त साहेबांची, म्हणून पत्रक बाद. नवीन पत्रक तिसऱ्या खिडकीवर; तिसरी खिडकी दोनला उघडणार; साहेब आले तर अडीचला. मी म्हणालो, “अहो, उद्या मला मुलांना शिकवायला जायचंय. परीक्षा आहे त्यांची.”

“प्रमाणपत्र शिकवणाऱ्याला लागतं, काका,” तो दुसरा कागद ओढत म्हणाला. “शिकणाऱ्याला नाही लागत. तुम्ही खुशाल वर्गात जाऊन बाकावर बसा, आमचं काही म्हणणं नाही.”

रांग हसली. पोटातून. रविवारी मला जे जमलं नव्हतं, ते त्या रांगेला न शिकवता जमलं. अडीचला नवं पत्रक भरून दिलं. या वेळी मी अकराऐवजी नऊ येतील असं कुठे काही केलं की नाही, हे मला विचारू नये. चाळीस वर्षांत मी मुलांना कॉपीबद्दल काय काय बोललो, त्याचीही आठवण करून देऊ नये.

मंगळवारी यंत्र वर्गात नेलं, कारण त्या दिवसाची तिसरी नोंद दुपारी करायची होती. विषय होता सरासरी. पण-काने लगेच विचारलं, “सर, तुमच्या वहीत काय लिहिलंय?” खोटं बोलणं बरं नाही, आणि उदाहरणही तयार होतं. मी सगळं सांगितलं: कागद, डॉक्टरीण, एकशे चाळीस, आणि सही झाली नाही तर हा वर्ग बंद. त्याच वेळी दंडावरचा पट्टा फुगत होता, मागच्या बाकावरचा उंच मुलगा आणि त्याचा शेजारी एका पट्टीवरून भांडत होते. आकडा आला एकशे अठ्ठावन्न.

सात डोकी यंत्राकडे आणि मग माझ्याकडे वळली.

“सर,” उंच मुलगा म्हणाला, “हा आमच्यामुळे का?”

“छे रे.”

पण कोणी ऐकलं नाही. पण-का फळ्याजवळ गेली. पाच दिवसांच्या पंधरा नोंदी तिने मांडल्या, बेरीज केली. दोन हजार एकशे पंच्याहत्तर. सरासरी एकशे पंचेचाळीस. ज्या मुलीला सहा महिन्यांपूर्वी हातचा घ्यायला येत नव्हता, तिने पुढे लिहिलं: उरल्या सहा. मग खडू चावत थोडं थांबून म्हणाली, “सर, सहाही वेळा एकशे चोवीस आलं, तर एकशे एकोणचाळीस होते.”

मी बेरीज तपासली. बरोबर होती. माझे डोळे पाणावले, ते अर्थात खडूच्या धुळीने.

“पण घरी मोजलं की वाढतं,” मी म्हणालो.

“मग इथे मोजा ना. डॉक्टर दिवसातून तीनदा म्हणाल्या. कधी, ते कुठे म्हणाल्या?”

बुधवारी मी वर्गात शिरलो, तर सातही जण हाताची घडी घालून बसलेले. पट्टीवरून भांडणारे दोघे दोन टोकांना. कुणीतरी माझ्या खुर्चीवर उशी आणून ठेवली होती. मी अपूर्णांकांची बेरीज शिकवायला घेतली.

“समजलं?”

“हो सर,” सात आवाज एका सुरात.

“शंका?”

“नाही सर.”

पण-काने मान तिरकी केली. तोंड उघडलं. मग माझ्या दंडावरच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. एकशे पंचवीस. अर्ध्या तासाने एकशे चोवीस. सुटायच्या वेळी एकशे तेवीस. उंच मुलाने निकाल वाचून दाखवला आणि सगळे निःशब्द टाळ्या वाजवत, म्हणजे तळवे न लावता, चवड्यांवर बाहेर पडले. इतका आज्ञाधारक वर्ग मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. त्या रात्री मी घोरलो, असं घरातून सांगण्यात आलं.

गुरुवारी गृहपाठाच्या वह्या उघडल्या. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. पहिल्या वहीत उत्तर: दोन छेद पाच. दुसऱ्या वहीत दोन छेद पाच. सातही वह्यांत दोन छेद पाच. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, आणि सरांना त्रास नको म्हणून कोणी काही विचारलं नाही.

समोर सात घड्या घातलेल्या होत्या. दंडावर पट्टा होता. फक्त तीन नोंदी उरल्या होत्या. मी पुढच्या धड्याकडे वळलो असतो, तर एकशे चाळीसच्या आत सुखाने जाऊन बसलो असतो. वर्ग राहिला असता. वर्गात बसणाऱ्यांना काही आलं नसतं, एवढंच.

“हे समजलंय?” मी पण-काला विचारलं.

“हो सर.”

“खरं सांग.”

तिने यंत्राकडे पाहिलं. ओठ आवळले. आणि मग दोन दिवस कोंडलेलं एकदम बाहेर आलं. “नाही समजलं. खालचे आकडे का नाही मिळवायचे? वरचे मिळवतो ना? मग खालच्यांनी काय केलंय? आणि छेद सारखे का करायचे? कोणी ठरवलं? पण का?”

“अर्धा कागद घे,” मी उठलो. “त्यात आणखी तुकडा ठेवला. आता दोन छेद पाच म्हणजे अर्ध्याहून जास्त की कमी?”

“कमी,” उंच मुलगा म्हणाला.

“ते कसं काय?” त्याचा शेजारी ओरडला. “मिळवलं आणि कमी झालं?”

मग जे सुरू झालं ते तासभर चाललं. कागदाच्या पट्ट्या फाडल्या, दोन पट्ट्या जमिनीवर, एक माझ्या चपलेखाली, चौघे एकदम बोलताहेत, मी पाचवा. पट्टीवरून पुन्हा भांडण. मध्येच पट्टा आपला फुगत होता आणि उंच मुलगा पडलेल्या आवाजात आकडे वाचत होता: एकशे एकसष्ट. एकशे अठ्ठावन्न. एकशे चौसष्ट. शेवटी पण-काने सहा घड्यांची पट्टी हातात धरली, तीन घड्या मोजल्या, दोन मोजल्या, आणि हळूच म्हणाली, “पाच छेद सहा.” थोडं थांबून स्वतःशीच म्हणाली, “असं आहे होय.”

मग तिने शेवटची सरासरी काढली. एकशे चव्वेचाळीस आणि वर थोडंसं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

शुक्रवारी डॉक्टरिणीने वही पाहिली. बुधवारच्या तीन नोंदींवर तिचं बोट थांबलं. “या दिवशी काय केलंत?”

“शिकवलं नाही,” मी म्हणालो.

तिने रोज एक लहानशी गोळी लिहून दिली, घाबरण्यासारखं काही नाही असं पुन्हा सांगितलं, आणि तीन महिन्यांनी या म्हणाली. सही तेव्हा. परीक्षा दोन महिन्यांवर होती. हे मी तिला सांगितलं नाही. वजाबाकी तिलाही येत असणार.

घरी येऊन मी खुर्चीत बसलो. मोबाइलमधली बाई म्हणाली, की मी समुद्रकिनारी आहे. मी तिला बंद केलं. हिने पाणी आणून ठेवलं, गोळी हातावर दिली आणि सगळी हकीकत ऐकली, कारकुनासकट, रांगेच्या हसण्यासकट.

“काय म्हणाला तो कारकून? शिकणाऱ्याला कागद लागत नाही?”

“अपमान केला त्याने माझा.”

“अपमान गेला चुलीत. मग बसा की बाकावर.”

मी तिच्याकडे पाहिलं. एकशे अठरावाली माणसं असा विचार करतात.

मोठ्या बाईंनी परिपत्रक दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि हजेरीपट ओढला. सात नावांखाली आठवं नाव माझं. वय: अडुसष्ट. शेरा: प्रयत्न हवेत. (हा त्यांचा स्वतःचा विनोद, मी ऐकून घेतला. नवीन विद्यार्थ्याने जास्त बोलू नये.) वर्गावर देखरेख त्यांची, शेजारच्या खोलीतून, दार उघडं ठेवून. शिकवायचं मुलांनी, पाळीपाळीने. मी फक्त शिकायचं, आणि अडलं तर विचारायचं. विचारायला प्रमाणपत्र लागत नाही.

मंगळवारी मी शेवटच्या बाकावर बसलो. म्हणजे अर्धा बसलो. गुडघे फळीखाली गेले नाहीत, ते पुढच्याच्या पाठीला टेकले. पहिली पाळी पण-काची. तिने खडू घेतला, फळ्यावर तीन छेद चार उणे एक छेद तीन लिहिलं, आणि आमच्याकडे तोंड करून, अगदी माझ्यासारखा घसा साफ करून म्हणाली, “आधी छेद सारखे करून घ्यायचे. बारा.”

मी हात वर केला. “पण का?”

तिने पट्टी घेऊन समजावलं. चांगलं समजावलं. मला कळलं, पण उंच मुलाच्या चेहऱ्यावर काही दिसेना. मी पुन्हा हात वर केला. “बाराच का? चोवीस का नाही?”

तिने पुन्हा समजावलं. आवाज थोडा चढला. उंच मुलाने मान डोलावली, पण ती खरी वाटली नाही. चाळीस वर्षांत एवढं ओळखता येतं. मी तिसऱ्यांदा हात वर केला.

“सर, आता काय?”

“चोवीस घेतले तरी उत्तर तेच येईल म्हणालीस,” मी म्हणालो. “पण का?”

पण-काने डोळे मिटले. चार मोजेपर्यंत श्वास घेतला असावा. सातपर्यंत काही धरवला नाही. मग तिने खडू टेबलावर ठेवला, उजव्या हाताची बाही कोपराच्या वर सरकवली आणि माझ्या बाकापाशी येऊन हात माझ्यापुढे केला.

“सर, आधी ते यंत्र द्या इकडे.”